बोटीच्या फ्लोअरवरच्या भेगा पुन्हा पुन्हा का उघडतात?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं फायबरग्लासच्या जुन्या बोटींबद्दलची आहेत. विषय एकच असल्यामुळे त्यांना एकत्र उत्तर देत आहोत.

प्रश्न: माझ्याकडे १४ फुटी, सुमारे वीस वर्षं जुनी फायबरची बोट आहे. पानशेतच्या बाजूला एका शेतात ट्रेलरवर उभी असते. फ्लोअरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या आहेत. दोनदा ऑइल पेंट मारला, पण एक पावसाळा गेला की भेगा परत वर येतात. मागच्या सीटपाशी उभं राहिलं की फ्लोअर किंचित दबतो. आता जेलकोट आणून भेगा बुजवाव्यात असा विचार आहे. किती माल लागेल आणि काम कसं करायचं?
— वाचक, कोथरूड

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘फ्लोअर किंचित दबतो’ हे आहे. माल आणण्याआधी त्याचा निकाल लावा.

जेलकोट म्हणजे रंग घातलेलं पॉलिस्टर रेझिन. त्यात काचेचा धागा नसतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, फार तर पाऊण. खालचा मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चादरीचा) थर वाकतो आणि परत सरळ होतो, पण जेलकोटला तेवढं वाकणं झेपत नाही, म्हणून तो तडकतो. तुमचा ऑइल पेंट त्याच हलणाऱ्या भेगेवर बसला आणि तिच्याबरोबर फाटला. जेलकोटही तसाच फाटेल, फक्त खर्च जास्त होईल.

भेगांची ठेवण पाहिली की कारण बहुतेक कळतं. एका ठिपक्यातून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळलं आहे: नांगर, इंजिनाची बॅटरी किंवा ट्रेलरच्या रोलरने खालून दिलेला दणका. दोन-तीन इंचांवर एकमेकींना समांतर जाणाऱ्या भेगा असतील, तर फ्लोअर खालच्या आडव्या-उभ्या आधारावर मोडल्यासारखा वाकतो आहे. सीटच्या बोल्टभोवती किंवा दोर बांधायच्या खुंटीभोवती गोल भेगा असतील, तर बोल्ट ढिला आहे किंवा त्याच्याखाली जाड पट्टी नाही. आणि सगळ्या फ्लोअरभर वाळून तडकलेल्या चिखलासारखी जाळी असेल, तर बहुधा जेलकोट मुळातच जाड चढला आहे. एक मिलिमीटरच्या वर गेलेला जेलकोट ठिसूळ वागतो. बनवताना कोपऱ्यांत तो साचतो, म्हणून कोपरे आधी तडकतात.

आता स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने फ्लोअर इंच-इंच ठोकत जा. चांगला भाग ‘टण’ वाजतो. थर सुटलेला किंवा आतलं प्लायवुड कुजलेलं असेल तिथे ‘थप’ असा बसका आवाज येतो. तो भाग खडूने आखून ठेवा. शंका राहिली तर एखादा स्क्रू काढून भोकातला भुसा पाहा. कोरडा, पिवळट भुसा ठीक. काळा आणि ओला आला, तर आधी खालच्या दुसऱ्या पत्राचं उत्तर वाचा. ते काम झाल्याशिवाय जेलकोटला हात लावू नका.

लाकूड शाबूत आहे, पण फ्लोअर दबतो असं निघालं तर त्याला खालून ताठपणा द्यावा लागेल. खालून हात पोचत असेल, तर दबणाऱ्या भागावर आणि त्याच्या पलीकडे चारही बाजूंनी सहा इंच चॉप्ड स्ट्रँड मॅटचे (तुकडे केलेल्या काचेच्या धाग्यांची मॅट; चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची) दोन थर द्या. एका थराला साधारण एक मिलिमीटर जाडी मिळते. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे चौरस मीटरला एका थरामागे सव्वा किलोच्या थोडं आत. पण बसवायच्या जागेचा जुना पृष्ठभाग ६० नंबरच्या पेपरने घासून खरखरीत केलाच पाहिजे. गुळगुळीत जुन्या रेझिनवर नवं रेझिन धरत नाही. आधाराची नवी पट्टी टाकणार असाल, तर तिची कड बोटीच्या तळाला थेट टेकू देऊ नका. पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा, ती घट्ट केलेल्या रेझिनने गोलाई देऊन भरा आणि वरून मॅट चढवा. टोकदार कड थेट टेकली, तर पुढची भेग तिथेच बाहेरून पडते.

आता भेगांचं काम. पहिल्यांदा ऑइल पेंट पूर्ण काढा. पेंट रिमूव्हर वापरू नका, ते खालचं पॉलिस्टरही खातं. पटाशीसारखं खरवडायचं पातं आणि ८० नंबरचा पेपर पुरे. घासण्याच्या आधी साबणाने धुऊन, वाळवून, ॲसिटोनने पुसा. क्रम उलटला तर पृष्ठभागावरचं मेण आणि तेल घासताना आत जातं आणि तिथे नवा थर सुटतो. पुसताना दोन फडकी घ्या, एक ओलं, एक कोरडं. ओल्याने सुटलेला मळ कोरड्याने लगेच उचलायचा.

केसासारख्या भेगेत जेलकोट शिरत नाही. वरून चोळला तर फक्त तोंडाशी पूल बांधला जातो आणि दोन महिन्यांत तुटतो. म्हणून भेग उघडावी लागते. रंगीत खडूची पूड चोळून पुसली की भेगा ठळक दिसतात. मग त्रिकोणी स्क्रेपरने, किंवा बाटली उघडायच्या ओपनरचं टोक घासून धारदार करून, प्रत्येक भेग ‘व्ही’ आकारात कोरा. वरची रुंदी चार ते सहा मिलिमीटर. तळाशी भेगेची रेघ दिसेनाशी होईपर्यंत खाली जा, आणि टोकाच्या पुढे एक सेंटिमीटर जाऊन खाच संपवा. खाच कोरताना काचेचे धागे दिसले आणि रेघ त्यांच्यातही उतरली असेल, तर ते काम जेलकोटचं राहिलं नाही. तिथे भेगेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट उतार घासून मॅटचे थर भरा. दोन मिलिमीटर खोल गेलं, तर दोन्हीकडे चोवीस मिलिमीटर उतार.

हातभर जागेत तीस-चाळीस भेगा असतील, तर एकेक कोरत बसू नका. तो सगळा भाग ग्राइंडरवर ६० नंबरची चकती लावून मॅट दिसेपर्यंत काढा, ३०० ग्रॅमच्या मॅटचा एक थर द्या आणि वर पूर्ण जेलकोट करा. हेच टिकतं. आम्ही हा सल्ला आग्रहाने देतो, कारण चाळणी झालेला जेलकोट वाचवण्यात माणसं दोन-दोन रविवार घालवतात आणि तो वाचत नाही.

माल किती लागेल? लोक पाच किलोचा डबा आणून ठेवतात आणि वर्षभरात तो आत घट्ट होऊन जातो. हिशेब करा. खाच पाच मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर खोल आणि सगळ्या मिळून तीन मीटर लांब धरली, तर आकारमान साधारण ११ घन सेंटिमीटर, म्हणजे १५ ग्रॅमच्याही आत. वाया जाणारं आणि दुसरा हात धरून १०० ग्रॅम भरपूर झाला. पूर्ण फ्लोअर नव्याने करायचा असेल, तर अर्ध्या मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम.

दुकानात दोन गोष्टी विचारा. जेलकोट आयसोफ्थॅलिक आहे का? पाण्यात ऑर्थोफ्थॅलिकपेक्षा तो चांगला टिकतो. आणि त्यात कोबाल्ट (रेझिन कडक होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधीच घातलेलं आहे का? नसेल तर जांभळट रंगाचं कोबाल्ट वेगळं मिळतं. ते आधी जेलकोटमध्ये पूर्ण ढवळायचं आणि त्यानंतरच एमईकेपी हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, एका चमच्याने काढूही नका. त्यांचा भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्टचं द्रावण वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळत असल्यामुळे त्याचं प्रमाण पुरवठादाराच्या कागदावरूनच घ्या.

एका वेळी ३० ग्रॅमच भिजवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या. २५ अंशांच्या आसपास पावणेदोन ते दोन टक्के हार्डनर, म्हणजे ३० ग्रॅमला साधारण अर्धा मिलिलिटर. तो सुई नसलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने घ्या, थेंब मोजू नका, कारण थेंब प्रत्येक बाटलीचा वेगळा पडतो. काठ आणि तळ खरवडत दोन मिनिटं हळू ढवळा. जोरात ढवळलं की बुडबुडे शिरतात आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. खाच खोल असेल, तर मिश्रण दह्यासारखं होईपर्यंत थोडं एअरोसिल (सिलिकाची अतिशय हलकी पूड) घाला. खडूची पावडर किंवा टाल्कम नको, ते पाणी धरतं.

पातं एका बाजूने दाबत नेत भरा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. भरलेली रेघ आजूबाजूपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच राहू द्या. जेलकोट वाळताना आकसतो, सपाट भरला तर सकाळी खळगा दिसतो. लगेच वर ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट ठेवून बोटाने हवा काढा. हवेला उघडा राहिलेला साधा जेलकोट वरून चिकट राहतो. पंधरा-वीस मिनिटांत डब्यातलं मिश्रण जेलीसारखं होईल. त्यानंतर ते वापरू नका. उरलेलं डब्यात तसंच ठेवलं तर तापतं, धूरही येतो, म्हणून पत्र्यावर पातळ पसरून उघड्यावर ठेवा.

दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना खोलगट पट्टे पडतात. १८०, मग ३२०, शेवटी ४०० चा वॉटर पेपर, आणि इथेच थांबा. बोटीच्या बाहेरच्या बाजूला १००० पर्यंत जाऊन कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट) मारतात. फ्लोअरला चकाकी देऊ नका, ओल्या पायाने माणूस पडतो.

जुन्या फ्लोअरवर साच्यातून उठलेली खरखरीत नक्षी असेल, तर दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत राहील. सोपा उपाय असा: मास्किंग टेपने नीट चौकट आखा, आत जेलकोटचा हात द्या, आणि तो जेलीसारखा होऊ लागताच फोमच्या कोरड्या रोलरने उचलून खडबडीत करा. ओल्या थरावर बारीक, धुतलेली, वाळवलेली सिलिका वाळू भुरभुरून वर दुसरा पातळ हात देण्याची पद्धतही चांगली टिकते. फक्त गुडघे टेकून बसायच्या जागी वाळू टाळा.

रंग जुळवायचा असेल, तर आधी जुन्या जेलकोटचा छोटा तुकडा ६०० च्या पेपरने आणि कंपाउंडने साफ करा. उन्हाने पिवळट झालेल्या थराखालचा रंग वेगळाच असतो. मग पांढऱ्या जेलकोटमध्ये पिवळी आणि काळी पिगमेंट पेस्ट काडीच्या टोकाने घालत जा आणि दरवेळी एक थेंब हार्डनर घालून, बोटीवरच टाकून वाळू द्या. ओला रंग फसवतो. पेस्ट एकूण दहा टक्क्यांच्या वर गेली तर जेलकोट नीट कडक होत नाही.

सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क आणि बंद गॉगल घातल्याशिवाय हार्डनरची बाटली उघडू नका. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. गेलंच तर तिथल्या तिथे किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि मग थेट रुग्णालय गाठा. घासताना काचेची कुसळं अंगात रुततात. आधी थंड पाण्याने अंघोळ करा, गरम पाण्याने ती जास्त टोचतात.

प्रश्न: आमच्या बोटीचा फ्लोअर मधोमध स्पंजसारखा झाला आहे. एका मेकॅनिकने सांगितलं, भोकं पाडून आत रेझिन सोडलं की कडक होईल. करावं का?
— वाचक, पिंपरी

उत्तर: आमचं मत: करू नका. आतलं लाकूड ओलं असतं आणि ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही. ते भोकापाशी गोळा होऊन कडक होतं, बाकी लाकूड कुजत राहतं. वरून ठोकल्यावर काही महिने आवाज मात्र सुधारलेला वाटतो, आणि म्हणूनच हा उपाय लोकांना पटतो.

वरचा फायबरचा थर कापून काढा. सर्क्युलर सॉची खोली थर आणि प्लायवुडच्या जाडीएवढीच लावा, खाली तळ किंवा इंधनाची टाकी असू शकते. आवाज बसका येतो त्याच्या पुढे कोरडं लाकूड लागेपर्यंत, निदान चार इंच जास्त कापा. उघडी पडलेली जागा आठवडाभर वाळू द्या. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांना टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब जमले असतील, तर अजून थांबा.

नवं प्लायवुड आयएस ७१० शिक्क्याचं (मरीन प्लाय), जुन्याएवढ्याच जाडीचं. साधं कमर्शियल प्लाय स्वस्त पडतं, पण या ठिकाणी ते दोन पावसाळेही काढत नाही. तुकडा बसवण्याआधी दोन्ही तोंडं आणि विशेषतः चारही कडा रेझिनने भिजवा, कारण पाणी कडेतूनच चढतं. लाकडाला पॉलिस्टरपेक्षा एपॉक्सी चांगलं धरतं, पण इथे आधीच एक निवड करावी लागते. एपॉक्सी वापरलं तर वरचा हात टू-पॅक पॉलियुरेथेन रंगाचा ठेवा. एपॉक्सीवर जेलकोट भरवशाने धरत नाही. वर जेलकोटच हवा असेल, तर सगळं काम पॉलिस्टरमध्ये करा. एपॉक्सीबरोबर चॉप्ड स्ट्रँड मॅटही टाळा, विणलेलं काचेचं कापड घ्या. त्या मॅटचा गोंद पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही.

सीटचे स्क्रू परत लावताना भोक आधी दुप्पट व्यासाचं करून घट्ट एपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधोमध नवं भोक पाडा. मूळ लाकूड बहुतेक वेळा त्या स्क्रूच्या भोकांतूनच कुजायला लागलेलं असतं.

प्रश्न: भेगा भरून तीन दिवस झाले, जेलकोट अजून चिकट आहे. वरून पुन्हा हार्डनर फिरवू का?
— वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: हार्डनर फिरवून काहीही होणार नाही. आधी ॲसिटोनच्या फडक्याने एकदाच जोरात पुसा. खाली कडक लागलं, नख रुतलं नाही, तर बिघाड फक्त वरच्या थराचा आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो अर्धवट राहिला. पुसून झालं की १८० ने घासा आणि पुढे जा. पुढच्या वेळी वर शीट ठेवा किंवा शेवटच्या हातात वॅक्स सोल्यूशन (मेणाचं द्रावण) घाला, साधारण २ ते ४ टक्के. वॅक्स घातलेल्या थरावर पुन्हा हात द्यायचा असेल, तर तो घासावाच लागतो, आणि भर उन्हात तापलेल्या फ्लोअरवर वॅक्स नीट वर येत नाही.

नख रुतत असेल, तर हार्डनर कमी पडला, जुना होता किंवा रात्री थंडी पडली. तो सगळा थर खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. १ टक्क्याच्या खाली गेलेला जेलकोट महिनाभरानेही पूर्ण कडक होत नाही. डब्यावरची तारीखही पाहा.

प्रश्न: गाडीच्या डेंटिंगची लांबी घरात उरली आहे. ती भरून वर रंग मारला तर?
— वाचक, भोसरी

उत्तर: बोटीत नको. त्या लांबीत टाल्क असतं, ते पाणी शोषतं, फुगतं आणि वरचा रंग उचलतं. सीटखालच्या सदैव कोरड्या कप्प्यात चालून जाईल, पाय आणि पाणी लागतं तिथे नाही. दोन भागांची एपॉक्सी पुट्टी भेगेत भरली, तर वर जेलकोट घालू नका, रंगच मारा.

प्रश्न: मी रोइंग करतो. आमच्या जुन्या सिंगल स्कलच्या (एकट्याने वल्हवायच्या शर्यतीच्या बोटीच्या) डेकवर पायाच्या पट्टीजवळ भेगा आहेत. वरच्या पद्धतीने करू का?
— वाचक, दापोडी

उत्तर: नका करू. स्पर्धेच्या सिंगल स्कलचं किमान वजन १४ किलो ठरलेलं आहे. ती बोट पातळ थर आणि मधल्या हलक्या गाभ्यावर उभी असते. ग्राइंडर लावला की वरचा थर एका क्षणात जातो, आणि तिथे मॅटचे दोन थर दिले की त्यांच्या कडेला नवीन भेग पडते. भेगेवर अंगठा दाबून पाहा. खाली मऊ लागलं, तर गाभा सुटला आहे आणि काम अशा शर्यतीच्या बोटी दुरुस्त करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. कडक असेल, तर ३२० ने हलकं घासून १०० ग्रॅमपेक्षा पातळ काचेचं कापड एपॉक्सीने चढवा, वर पॉलियुरेथेन. पायाची पट्टी धरणारे स्क्रूही तपासा, ढिला स्क्रू प्रत्येक वल्ह्याला डेक ओढतो.

काम कधी करावं, हे तिघांनी विचारलं आहे. जून ते सप्टेंबर पुण्यात आणि धरणांच्या बाजूला हवा इतकी ओली असते, की काचेच्या धाग्यांवरच ओल बसते. त्या काळात उघड्यावर काम काढू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा पारा दहाच्या आसपास उतरतो आणि १५ अंशांखाली पॉलिस्टर अर्धवट राहतं, म्हणून त्या दिवसांत अकराला सुरू करून तीनपर्यंत भरणं संपवा. एप्रिल-मेमध्ये उलट, पहाटे, सावलीत, आणि हार्डनर दीड टक्क्यापर्यंत कमी करून. फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा. आणि पावसाळ्याआधी बोट ट्रेलरवर पुढून उंच करून, तळाचं बूच काढून, ताडपत्रीखाली मधोमध वासा घालून ठेवा, म्हणजे पाणी फ्लोअरवर साचून राहणार नाही.